रक्तदाबाच्या गोळीविरुद्ध मामांचं पत्रक

एखादं पत्रक वाचून तुम्ही आजवर काय बंद केलं आहे? चहा? साखर? शेजाऱ्याशी बोलणं? खरं सांगा. बहुतेक काहीच नाही. हातात आलेल्या पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे खाल्ले असतील, एवढंच. म्हणून पत्रकं काढणाऱ्या माणसाला भीती नसते. आपलं कुणी ऐकणारच नाही, या भरवशावर तो वाटेल ते लिहितो. आमच्या घरात मात्र एक माणूस असा निघाला, ज्यानं पत्रक तंतोतंत पाळलं. दुर्दैवानं तो त्याच पत्रकाचा लेखक होता.

मी पत्रकांवरच वाढले. नांदेडच्या आमच्या घरात बाराखडीच्या पुस्तकाआधी हँडबिलं आली. वडील कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि न वाटलेले गठ्ठे पलंगाखाली ठेवायचे. मला वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. शाळेत असताना मी भेंडीच्या भाजीविरुद्ध आईला लेखी निवेदन दिलं होतं. आईनं ते शांतपणे वाचलं, वेलांट्या दुरुस्त केल्या आणि भेंडी वाढली.

आईला अशा कागदांची सवय माहेरापासूनच होती. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, औशाला राहतात. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी पत्रकांचा सपाटा लावला. बसस्थानकातल्या मुतारीविरुद्ध एक, बाजारातल्या मोकाट गाढवांविरुद्ध एक, लग्नात अन्न टाकणाऱ्यांविरुद्ध एक. त्यांचा नियम होता की जे छापायचं, ते आधी स्वतः पाळायचं आणि मगच दुसऱ्याला सांगायचं. अन्नाचं पत्रक निघाल्यापासून मामा पंक्तीत ताटातलं काहीही टाकत नसत. लिंबाची सालसुद्धा चावून खायचे आणि डोळ्यांत पाणी आलं तरी वाढप्याकडे बघून मान डोलवायचे. दुसरा नियम असा, की एकदा वाटलेलं पत्रक मागं घ्यायचं नाही. या दोन नियमांच्या मध्ये मामी सापडली होती.

लॉकडाउन सैल होऊन एसटी पुन्हा सुरू झाली, तेव्हा एका सकाळी मामीचा फोन आला.

"तुझ्या मामानं बीपीची गोळी सोडली."

"का?"

"पत्रक काढलंय."

यापुढे आमच्यात स्पष्टीकरणाची गरज नसते. तरी तिनं फोनवर वाचून दाखवलं. "सावधान! रक्तदाबाची गोळी म्हणजे कोरोनाला उघडं दार! बंधूंनो आणि भगिनींनो, आजच गोळी सोडा!" मग म्हणाली, "डोकं धरून बसायलंय माणूस. जिना चढताना भिंत धरायलंय. मी बोलले की म्हणतंय, तुला शास्त्र कळत न्हाई. तू ये बाई. तुमचीच भाषा समजतीया त्याला."

निघण्याआधी मी विष्णुपुरीला राहणाऱ्या एका मैत्रिणीला फोन केला. ती डॉक्टर होती आणि तेव्हा कोविडच्या वॉर्डात काम करत होती. आवाज इतका थकलेला, की तिनं 'हॅलो' म्हटलं तेच मला पुरेसं उत्तर वाटलं. पण विषय ऐकून ती जागी झाली.

"गोळीच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' आहे का?"

"आहे."

"मग मामांनी अर्धं खरं वाचलंय. अर्धं खरं फार वाईट. पूर्ण खोटं असतं तर लोक हसले तरी असते."

मग तिनं सांगितलं ते असं. आपल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे बाहेरची द्रव्यं धरणाऱ्या खुंट्या असतात. त्यातल्या एस-टू नावाच्या रिसेप्टरला कोरोनाचा विषाणू पकडतो आणि त्याच्या आधारानं पेशीत शिरतो. या जातीच्या गोळ्यांमुळे एस-टू वाढत असावा, असं काही जनावरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. त्यावरून डॉक्टरांनाही आधी शंका आली. "पण पुढं माणसांवर तपासून पाहिलं. गोळी चालू ठेवणाऱ्यांचं त्यामुळं काही जास्त बिघडलं नाही. आणि तो एस-टू कोरोनासाठी थोडाच बसवलाय? त्याला त्याचं काम आहे. रक्तवाहिन्या आवळणारं, दाह भडकवणारं एक द्रव्य शरीरात असतं. ते मोडून निवळवणं हे त्याचं काम. विषाणू त्यालाच घेऊन आत जातो. मग त्या द्रव्याला आवरणार कोण? कोविडमधल्या दाहाचं हे एकच कारण नाही, पण हेही एक आहे. तुझ्या मामांची गोळी त्याच द्रव्याचा जोर रोखते. आधी त्यांचा रक्तदाब मोज. भाषण नंतर दे."

तिचं रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन मी बसमध्ये बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी लातूर येईपर्यंत मुद्दे जुळवत होते. शेजारच्या बाईंनी माझे हलणारे ओठ बघून आपली पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

औशाला पोचले तर मामा ओसरीवर एकटेच बसलेले, तोंडाला घट्ट मास्क. मास्कचंही पत्रक त्यांनीच काढलेलं, त्यामुळं एकटे असतानासुद्धा ते मास्क काढत नसत. मी पाणी मागितलं. त्यांनी लांबूनच हात पुढं करून एक गुलाबी कागद दिला.

"आधी हे वाच. मग पाणी पी."

"मामा, मी हे वाचायलाच आले."

"मग मोठ्यानं वाच. तुझ्या मामीनं अजून मन लावून ऐकलं न्हाई."

मी वाचलं. प्रामाणिकपणे सांगते, लिखाण झकास होतं. वाक्यं आखूड, उद्गारचिन्हं भरपूर. 'पेशीला दार असते. दार कमी, चोर कमी!' हे वाचून माझ्याही हाताच्या मुठी वळल्या. असलं चुकीचं पत्रक इतकं चांगलं लिहिलेलं असावं, याचा मला मनापासून राग आला.

मग मी मशीन काढलं. मामांनी दंडाला पट्टा बांधू दिला, पण तो फुगायला लागताच म्हणाले, "लई आवळायलंय. हे मशीन विरोधी पक्षाचं दिसतंय." आकडे आले. मामी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं चालू असलेला टीव्ही बंद केला.

"किती?" मामांनी विचारलं.

मी आकडा दाखवला. मामांनी तो चष्मा लावून पाहिला आणि चष्मा काढून पाहिला.

"पहिल्या वेळेला जास्तच येतंय. मशीन घाबरलेलं असतंय."

तेव्हा मी माझा पहिला मुद्दा काढला. विष्णुपुरीच्या धरणाचा. म्हटलं, "मामा, धरणाला दरवाजे असतात. त्यातून चोरही येऊ शकतो, म्हणून पावसाळ्यात सगळे दरवाजे बंद करून ठेवले तर नांदेडचं काय होईल? दरवाजा चोरासाठी नाही, पाण्याचा दाब सोडायला असतो. तसा हा एस-टू."

मामांनी नीट ऐकून घेतलं.

"पोरी, तू कुठं आलीस?"

"औशाला."

"कुठला जिल्हा?"

"लातूर."

"लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आणि तू आम्हाला धरण भरल्याचा त्रास सांगायलीस? आमच्याकडं दरवाजे उघडले तरी त्यातून शेळीच बाहेर येती."

मामी मागं तोंडाला पदर लावून हसली. माझा बसमधला सगळा अभ्यास तिथंच संपला.

मी आत गेले. मामी ताक घुसळत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. गोळी कुटून ताकात घालते. जिऱ्याची चव येईल, त्याला कळणार न्हाई."

"मामी, नाही. हे फसवणं झालं."

"मग काय करू?"

"पटवून द्यायचं. माणसाच्या शरीरावर त्याचा हक्क असतो. त्याला न सांगता औषध देणं तत्त्वात बसत नाही."

मामीनं रवी थांबवली. "तत्त्व! त्येला तत्त्व, तुला तत्त्व, तुझ्या बापाला तत्त्व. पांढरं कपाळ झालं तर मी काय तुमचं तत्त्व कपाळाला लावू?"

पण कुठली गोळी किती घालायची हे डॉक्टरांना न विचारता ठरवणं धोक्याचं होतं. ते मी सांगितलं. मामीला तत्त्वापेक्षा धोका लवकर पटला. पण घुसळताना तिनं रवी अशी फिरवली, की मी स्वयंपाकघरातून निघून गेले.

जेवणानंतर मामा एका जुन्या सभेची गोष्ट सांगत बसले. सांगता सांगता समोरच्या खुर्चीची पाठ सभेतल्या टेबलासारखी दोन्ही हातांनी धरली. मामा भाषणाला उभे राहिले की बसत नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत. अध्यक्षांना त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढावं लागतं. आणि मला एकदम दिसलं, की मी धरणापर्यंत उगीच गेले.

"मामा, तुमच्या सभेत अध्यक्षाचं काम काय?"

"माझा सदरा फाडणं."

"नाही फाडला तर?"

"तर मी बोलतच राहतो. लोक तापतात. एकदा खुर्च्या उडाल्या होत्या."

"बरोबर. तुमच्या शरीरात एक वक्ता आहे. अँजिओटेन्सिन त्याचं नाव."

"बाहेरगावचा दिसतो."

"तो बोलायला लागला की रक्तवाहिन्या आवळतात, पेशी तापतात. त्याचा सदरा ओढून खाली बसवणारा अध्यक्ष म्हणजे एस-टू. आता कोरोना येतो. तो मांडवाच्या तोंडाशी अध्यक्षाचाच हात धरतो आणि अध्यक्षासकट घरात, म्हणजे पेशीत, शिरतो. मांडवात अध्यक्ष राहिला का?"

मामा सरळ बसले. "न्हाई."

"वक्ता?"

"सुटला."

"मग?"

"मग लोक भडकणार. खुर्च्या उडणार." मामा स्वतःच पुढं निघाले. "मग पोलीस येणार, आणि पोलीस काय बघून मारतंय व्हय? भेळवाल्यालाबी हाणतंय, वाट चुकलेल्यालाबी हाणतंय."

"तेच. आपल्याच शरीराचे पोलीस. विषाणूला मारायला येतात आणि आवरलं नाही तर फुफ्फुसातल्या चांगल्या पेशींनाही हाणतात. त्यालाच दाह म्हणतात. म्हणून आजार वाढला की कधी कधी डॉक्टरांना पोलिसांनाच आवरायचं औषध द्यावं लागतं."

"आणि माझी गोळी?"

"तुमची गोळी लाउडस्पीकरची वायर काढते. वक्ता बोलतो, पण कुणाला ऐकू येत नाही."

मामी दारात उभी होती. म्हणाली, "अशी वायर तुमच्या सभेला असती तर माझा संसार झाला असता."

मामांना पटलं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वर त्यांनी दुरुस्तीही सुचवली, की अध्यक्ष एक नसून पुष्कळ असतात, प्रत्येक पेशीवर एकेक मांडव असतो, असं सांगत जा. मी म्हटलं, "सांगेन. आता दवाखान्यात जाऊ."

"जाता येत न्हाई."

"का?"

"पत्रक वाटलंय."

मी डोक्याला हात लावला. मामा म्हणाले, "लोकांना सोडा म्हणायचं आणि आपण गुपचूप घ्यायची? असला नीचपणा माझ्याच्यानं होणार न्हाई. आणि पत्रक मागं घेतलं तर उद्या मुतारीचंबी खोटं होतं म्हणतील लोक."

"मामा, जीव जाईल."

"माझाच जाईल ना? माझा हाय."

मला चीड आली, आणि त्याहून मोठी पंचाईत अशी, की त्यांच्या बोलण्यातली पहिली अर्धी बाजू मला पटत होती. मी नांदेडला असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. इथं समोर माणूस भिंत धरून उठत होता.

तेवढ्यात चाचा आले. चाचांचं बाजारात पायानं चालवायचं, जुनं छपाईचं ट्रेडल मशीन आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मामांची सगळी पत्रकं तिथंच निघतात. दोघांची दोस्ती मामांच्या कंडक्टर होण्याच्या आधीपासूनची. चाचा आले आणि नेहमीसारखं बोलण्याऐवजी ओसरीच्या कडेला डोळे मिटून बसले.

"काय झालं चाचा?" मी विचारलं.

"कुछ नै बेटा. चक्कर आ रई सुबे से."

रक्तदाबाचं मशीन समोरच होतं. मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. आकडे मामांपेक्षाही वर गेले. मामी पाणी आणायला धावली.

"चाचा, तुम्हाला बीपीची गोळी आहे ना?"

"थी. छोड दी."

मामा ओरडले, "तू कशाला सोडलीस?"

चाचांनी डोळे उघडले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "कंडक्टरसाब, तुम्ही लिहिलं. मी छापलं. दुसऱ्याला सोडा म्हणून छापायचं आणि मी घ्यायची? तुम्हीच म्हणता ना, छापलं ते पाळायचं."

"अरे तो नियम लिहिणाऱ्याला हाय! छापणाऱ्याला न्हाई!"

"असं कुठं लिहिलं होतं?"

माझ्या आठवणीत मामांना मुद्दा सुचला नाही असं तेव्हाच झालं. बसस्थानकातल्या आगारप्रमुखाला, तहसीलदाराला, माझ्या वडिलांना त्यांनी कधी शेवटचा शब्द घेऊ दिला नव्हता. त्यांनी चाचांचा हात हातात घेतला आणि मामीला म्हणाले, "रिक्षा बोलाव."

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना आडवं केलं, तपासलं, दोघांचंही वेगवेगळं औषध लिहून दिलं. मग पत्रक मागितलं. मामांच्या खिशात असायचंच. ते वाचून डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. चाचांनी मात्र खाली बोट दाखवलं. पत्रकाच्या तळाशी लेखक आणि मुद्रक दोघांची नावं होती. डॉक्टर जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की रक्तदाबाची गोळी मनानं सुरू करू नये आणि मनानं थांबवूही नये.

चाचांना जरा बरं वाटल्यावर त्यांच्या छापखान्यात दुसऱ्या पत्रकाचा विषय निघाला. मामा तयार होते, पण शीर्षकावर अडले. त्यांचं म्हणणं, 'रक्तदाबाच्या गोळीसंबंधी पुढील भूमिका' असं असावं.

मी म्हटलं, "मामा, 'चूक' हा शब्द हवा."

"'भूमिकेत विकास' चालंल?"

"नाही."

"'अधिक विचारांती'?"

"चूक."

"तुझ्या आईला सांगतो मी."

चाचा मशीनजवळ स्टुलावर बसून अक्षरांचे खिळे जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "कंडक्टरसाब, 'चूक' बडे टाइप में डालूं? लग्नपत्रिकेत 'शुभविवाह'ला वापरतो तो टाइप रिकामाच आहे. लॉकडाउनमध्ये लग्नं कुठं होती?"

आणि तसंच छापलं. वेलबुट्टीच्या नक्षीत, मोरांच्या जोडीमध्ये, 'चूक' हा शब्द. खाली अध्यक्ष, वक्ता, वायर आणि पोलीस. शेवटी, आपली गोळी थांबवली असेल तर आजच डॉक्टरांकडे जा, असं आवाहन.

पण पाळल्याशिवाय वाटायचं नाही हा नियम होताच. म्हणून मामा बाजाराच्या दिवशी चाचांच्या दुकानासमोर एका हातगाड्यावर चढले. खाली मामी तांब्या घेऊन उभी. मास्क लावलेली माणसं अंतर ठेवून जमली. मामांनी पत्रक पूर्ण वाचलं. 'चूक' शब्दाशी ते थोडे अडले, पण तो त्यांनी गिळला नाही. मग मास्क खाली केला, गोळी सगळ्यांना दाखवली, जिभेवर ठेवली आणि पाणी प्याले. मामीनं गर्दीसमोर सांगितलं, "तोंड उघडा." मामांनी उघडलं. मामीनं आत बघितलं आणि मान हलवली. टाळ्या पडल्या.

लगेच मागून एकजण ओरडला, "कंडक्टर, गोळीचं नाव काय? मीबी घेतो!"

"खबरदार!" मामा गाड्यावरून गरजले. "ही माझी हाय! तुझा डॉक्टर तुला सांगंल ती घे!"

"माझं बीपी कधी मोजलंच न्हाई!"

"मग खाली कशाला हुबा हायस? जा की मोजाय!"

तो माणूस खरंच निघाला. त्याच्यामागं अजून काहीजण. माझ्या आयुष्यात मी शेकडो पत्रकं वाटली आहेत, पण पत्रक ऐकून माणूस सांगितलेल्या दिशेनं चालू लागला, हे मी तिथंच पाहिलं. मामा पुढं बोलतच होते. शेवटी चाचांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

आता तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती लेखी आहे. आज घरी गेल्यावर थोरल्या माणसाच्या उशाशी असलेलं गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि त्यांना विचारा, की यातली कुठली गोळी तुम्ही स्वतःच्या मनानं थांबवली आहे, आणि का. रागावू नका. कारण कितीही विचित्र असलं तरी ते शेवटपर्यंत ऐका. मग चप्पल घाला, त्यांनाही घालायला लावा, आणि दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.